दोघींची कबुली

१

पट्टीचा शेवटचा वेढा सुटला आणि संगीताने मान खिडकीकडे वळवली. डाव्या हाताची मधली तिन्ही बोटं मुळापासून गेली होती. अंगठा आणि करंगळी तेवढी उरली होती, आणि त्यांच्यामध्ये नुकती धरलेली, ताणलेली गुलाबी कातडी.

अहिल्या सावेने त्या हाताखाली उशी सरकवली. डहाणूतल्या एका धर्मादाय रुग्णालयात ती थेरपिस्ट होती. चिरडलेले, कापलेले, भाजलेले हात पुन्हा कामाला लावायचे हा तिचा रोजचा उद्योग. आसपासच्या कारखान्यांतून असे हात तिच्या टेबलावर सतत येत. केसपेपरवर सगळं लिहिलेलं असलं तरी ती प्रत्येकाला एकदा विचारायचीच.

"कसं झालं गं?"

"मी बटण दाबलं न् हात आत राहिला," संगीता म्हणाली. "माझीच चूक, बाई."

"खोटं बोलते ती."

आवाज दारातून आला. संगीताचा नवरा जीवन चौकटीला टेकून उभा होता. स्टूल दिलं तरी तो बसला नव्हता.

"बटण माझ्या बहिणीनं दाबलं. रूपीनं. पोलिसांसमोर कबूल केलंय तिनं. दोघी एकाच मशीनवर होत्या. सकाळी भांडण झालं न् रागारागात दाबलं. ही आता नणंदेला वाचवायला आपल्या अंगावर घेते."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पायजे? मी त्याच कारखान्यात माल भरायचं काम करतो. मॅनेजर नविनभाईंनी मशीन चालवून दाखवलं मला. दोन बटणं आहेत, दोन टोकांना. दोन्ही हात दोन्ही बटणांवर असतील तरच पत्रा दाबणारा प्रेस खाली येतो, नायतर नाय. हिचा हात आत होता. मग बटणं दाबली कोणी?"

अहिल्याने केसपेपर मिटला.

"रूपी कुठे आहे?"

"परवापासून पळालीय." जीवनने औषधांची चिठ्ठी उचलली. "सापडू दे फक्त."

तो औषधं आणायला खाली गेला. त्याची पावलं जिन्यावर ऐकू येईनाशी झाल्यावर संगीताने उजव्या हाताने अहिल्याचं मनगट घट्ट धरलं.

"बाई, रूपी माझ्यावर बोट उगारायची नाय. मीच दाबलं. मी शंभरदा सांगितलं. कोणी मानतच नाय."

तिच्या तळहाताची पकड अहिल्याला खरखरीत लागली. तेव्हा तिने त्याकडे लक्ष दिलं नाही. तिच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. एका जखमेची कबुली दोघी देत होत्या. मशीन खरं मानलं तर संगीता खोटी ठरत होती. आणि रूपी खरी मानली तर हा कामावरचा अपघात राहत नव्हता, ते घरचं भांडण होत होतं. मग सरकारी तपासणी, खटला, भरपाई, साऱ्यातून कारखाना अलगद हात झटकून मोकळा.

रूपीची कबुली कारखान्याच्या फारच सोयीची होती.

२

दुसऱ्या दिवशी अहिल्याने रजा टाकली आणि तलासरी गाठली. संगीताला पुढे कोणतं काम जमेल ते बघायचंय, असं तिने फोनवर सांगितलं होतं. ते खोटंही नव्हतं.

हायवेपासून आत, ताडांच्या रांगेमागे पत्र्याची लांबलचक शेड होती. आत दाराच्या बिजागऱ्या तयार व्हायच्या. मॅनेजर नविनभाई स्वतः फाटकापर्यंत आले. गोल चेहरा, पांढरा स्वच्छ शर्ट, बोलणं साखरेसारखं.

"या, या, अहिल्याबेन. आपल्याकडे लपवायचं काहीच नाही. संगीता आमच्या घरच्यासारखी. पण नणंदेनेच असं केलं, तर कारखान्याने काय करायचं?"

त्यांनी तिला थेट प्रेसपाशी नेलं. माणसापेक्षा उंच लोखंडी सांगाडा, मध्ये वरखाली होणारा ठोकळा, त्याच्याखाली पत्र्याची पट्टी ठेवायची जागा. समोर आडवी पट्टी आणि तिच्या दोन टोकांना दोन हिरवी बटणं, पेल्याच्या तळाएवढी. दोन्ही कोरी करकरीत.

नविनभाईंनी बांबूची कामटी आत धरली. फिटर प्रविणने उजवं बटण दाबलं. काही झालं नाही. डावं दाबलं. काही नाही. दोन्ही एकदम दाबली, आणि धाडकन ठोकळा खाली आला. कामटीचे दोन तुकडे जमिनीवर उडाले.



"आता सांगा, बेन. एकटीचा हात आत जाईल कसा? रूपी मागून वाकली आणि दोन्ही बटणं दाबली. सकाळीच पाण्याच्या हंड्यावरून दोघींची कडाक्याची भांडणं झालेली."

"बटणं नवी दिसतायत."

"शेठनी लगेच बदलायला लावली. सेफ्टीच्या बाबतीत आम्ही फार कडक."

"अपघात झाला तेव्हा तुम्ही कुठे होता?" अहिल्याने प्रविणला विचारलं.

प्रविण पंचविशीचा, हडकुळा. हातातला पाना तो उगाच पुसत होता. "मागं वर्कशॉपात. मला कळलं तोवर संगीताला घेऊन टेम्पो गेला होता." एवढं बोलून त्याने नविनभाईंकडे पाहिलं.

काम पुन्हा सुरू झालं. संगीताच्या स्टुलावर आता काळी नावाची बाई बसली होती. अहिल्या चहाचा कप घेऊन बाजूला उभी राहिली आणि सवयीने तिचे हात पाहू लागली. काळीच्या उजव्या हाताने झपकन बटण दाबलं. डावा हात मात्र पुढची पट्टी उचलायला निघाला, अर्ध्या वाटेत थबकला आणि गडबडीने डाव्या बटणावर आला. पुढच्या खेपेलाही तेच. त्याच्या पुढच्याही.

"काळी! ध्यान कुठे आहे?" नविनभाई ओरडले.

"नवीन आहे का ही?"

"नाही हो, संगीताच्याही आधीपासूनची. डावरी आहे ती. सगळं डाव्या हातानेच करते, म्हणून घोटाळते." ते हसले. "उद्या कारखाना निरीक्षक मॅडम येतायत. मशीन बघितलं की झालं. विषय संपला."

काळीने मान वर करून अहिल्याकडे पाहिलं. काहीतरी सांगायचं असावं अशी नजर होती. पण नविनभाई हलले नाहीत, आणि काळीची मान पुन्हा खाली गेली.

३

चारोटी नाक्यावर डहाणूच्या गाडीची वाट बघताना अहिल्याचा फोन वाजला. संगीता होती. धाप लागल्यासारखी बोलत होती.

"बाई, हे निघाले. कोयता घेऊन. रूपी चिंचणीला मावशीकडं हाय, असं कोणीतरी सांगितलं त्यांना. मी पाय धरले, नाय ऐकलं. तुम्ही कायतरी करा ना, बाई!"

गाडीची वाट न बघता अहिल्याने रिक्षा केली. वाटेत तिने हवालदार विष्णू यांना फोन लावला. तपास त्यांच्याकडे होता, आणि त्यांच्या बायकोचं मोडलेलं मनगट मागच्या वर्षी अहिल्यानेच बरं केलं होतं. ते म्हणाले, निघतो. पण ते तलासरीला होते. त्यांना पोचायला वेळ लागणार होता.

डहाणूचा बाजार मागे पडला. चिकूच्या वाड्या सरू लागल्या. रिक्षावाल्याला घाई कर म्हणायची सोय नव्हती, तो आधीच जीव तोडून चालवत होता. मशीन खरं की संगीता खरी, हा प्रश्न अहिल्याने बाजूला सारला. त्या घडीला एकच गोष्ट महत्त्वाची होती. जीवनच्या आधी पोचायचं.

चिंचणीच्या किनाऱ्यावर बांबूंच्या लांब चौकटींवर बोंबील वाळत घातले होते. उन्हात वासाचा नुसता दर्प. मजुरीवर आलेल्या बायका खाली वाकून ओले मासे लावत होत्या. अहिल्याने एकीला रूपीचं नाव विचारलं. तिने हात करून दाखवलं.

शेवटच्या चौकटीपाशी एकोणीस-वीस वर्षांची मुलगी उभी होती. पण ती मासे लावत नव्हती. ती रस्त्याकडे बघत होती. अहिल्याने वळून पाहिलं.

वाळूतून जीवन येत होता. कोयता त्याने लपवलाही नव्हता.

बाकीच्या बायका बाजूला सरकल्या. रूपी जागची हलली नाही. अहिल्या धावली, वाळूत अडखळली, उठली आणि दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहिली. आपण काय करतोय हे तिचं तिलाच कळत नव्हतं.

"बाजूला व्हा, मॅडम."

"जीवन, तुमच्या बायकोने मला पाठवलंय. तिच्या हातासाठी आलात ना? मग तिची एवढी एक गोष्ट ऐका. मी रूपीला चार प्रश्न विचारते. तुम्ही इथेच उभे राहा. नंतर तुम्हाला काय करायचं ते करा."

तो थांबला.

४

"रूपी, बटण तू दाबलंस?"

"हो."

"कशासाठी?"

"चुकून."

"भांडण झालं म्हणून नाही?"

"भांडण कसलं? हंड्याचं होय? ते तर रोजचंच. भांडणाचं मी बोललेच नाय. मी रडत होते न् नविनभाईच हवालदारांना सांगत होते. मी नाय म्हणायच्या आधी ते पुढचं बोलायचे."

"चुकून दाबलं, असं बोलायला तुला कोणी सांगितलं?"

रूपी जीवनकडे न बघता, वाळूकडे बघत बोलायला लागली.

"नविनभाईंनी. ते म्हणाले, संगीतानं स्वतःच हात घातला असं ठरलं तर तिची चूक धरतील, तिला काय मिळणार नाय. तुझ्या दादाचंही काम जाईल. तू म्हण, माझ्याकडून चुकून दाबलं गेलं. चुकीला कोणी तुरुंगात घालत नाय. वहिनीचं भलं होईल म्हणून बोलले मी. मग म्हणाले, थोडे दिवस मावशीकडं जा, इथं लोक तुला त्रास देतील. प्रविणनं मोटारसायकलवर आणून सोडलं."

"मला तर ते म्हणाले, तू पळालीस," जीवन पुटपुटला. "मावशीचं नावही त्यांनीच घेतलं, आज सकाळी."

कोयता धरलेला हात त्याने मांडीमागे नेला.

"अपघात झाला तेव्हा तू नक्की कुठे होतीस?" अहिल्याने विचारलं.

"प्रेसच्या मागल्या अंगाला, तयार माल गोळा करत. वहिनी ओरडली तशी पुढं आले. ओढणी गुंडाळली तिच्या हाताला. टेम्पो आणा, टेम्पो आणा म्हणून ओरडत होते. नविनभाई म्हणाले, थांब, ड्रायव्हर जेवतोय. तेवढ्यात प्रविण पळत आला, हातात स्क्रू काढायचा पेचकस. वाटलं, मदतीला आला. पण तो आमच्याकडं आलाच नाय. मशीनच्या बाजूचा डबा उघडून आत कायतरी करत बसला. ते झालं, मग टेम्पो आला."

टेम्पो गेल्यावर आपल्याला कळलं, असं प्रविण सकाळीच तिला सांगत होता.

"आता नीट आठवून सांग. त्या प्रेसला बटणं किती?"

रूपीला हा प्रश्नच चमत्कारिक वाटला. "एक."

"डाव्या बाजूला काहीच नव्हतं?"

"होतं, पण ते मोडकं. काळी टेप गुंडाळलेली. त्याला हात लावायचा नाय, असं पयल्या दिवशी सांगितलं होतं. उजव्यानं दाबायचं, डाव्यानं पट्टी घालायची. सगळ्या तसंच करायच्या."

संगीताही म्हणाली होती: मी बटण दाबलं. बटणं नाही, बटण. आणि काळीचा डावा हात पट्टीकडे जाऊन परत फिरत होता तो डावरेपणामुळे नव्हे. त्या हाताला बटण दाबायची सवयच नव्हती.

जीवनने कोयता वाळूत टाकला होता. "मग हेच सांगू ना निरीक्षक मॅडमना," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला.

"सांगू. आणि नविनभाई काय म्हणतील? नणंद-भावजयींनी ठरवून रचलंय. मशीन तर समोर नीट चालतंय. जुनी बटणं गेली, डब्यात जे केलं होतं तेही प्रविणने काढलं. तुमच्या शब्दाखेरीज आपल्याकडे काय आहे?"

रूपीने डोळे पुसले. तिचा उजवा तळहात उन्हात आला, आणि अहिल्याने तो हवेतच धरला. मनगटाजवळच्या मांसल भागावर नाण्याएवढा घट्ट, पिवळट घट्टा होता. कालच अशाच एका हाताने तिचं मनगट धरलं होतं.

"आता डावा दाखव."

रूपीने दाखवला. अहिल्याने त्यावरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा. मग तिने वर पाहिलं. तिचा चेहरा पालटला होता.

"प्रेसवर तू पण बसायचीस?"

"आळीपाळीनं. वहिनी न् मी."

"उद्या तू आणि वहिनी, दोघींनी तलासरीला यायचं," अहिल्या म्हणाली. "आणि जीवन, तुम्ही पण." रस्त्यावर हवालदार विष्णूंची मोटारसायकल येताना दिसली.

५

कारखाना निरीक्षक श्रुतिका मॅडमनी प्रेस तीनदा चालवून घेतला. एक बटण, दुसरं बटण, मग दोन्ही. यंत्रात खोट नव्हती. नविनभाई हात मागे बांधून उभे होते.

तेवढ्यात फाटकातून पाच जण आत आले. पुढे हवालदार विष्णू, त्यांच्यामागे रूपी आणि जीवन, आणि शेवटी अहिल्याच्या आधाराने संगीता. अपघातानंतर ती पहिल्यांदाच त्या शेडमध्ये पाऊल टाकत होती. प्रेस दिसताच तिचा पाय अडला. रूपीने मागून तिच्या पाठीला हात लावला.

"आरोपी सापडली! फार छान," नविनभाई म्हणाले.

"मॅडम," अहिल्या निरीक्षकांना म्हणाली, "मशीन तुम्ही पाहिलंत. आता ते चालवणारे हात पाहाल का? पाचच मिनिटं."

"हात?"

"या प्रेसवर बसणाऱ्या सगळ्या बायकांचे. दोन्ही तळवे."

श्रुतिका मॅडमनी भुवई उंचावली, पण मान डोलावली. बायका मात्र जागच्या हलेनात. त्यांचे डोळे नविनभाईंवर होते. ते नुसतं प्रत्येकीकडे आळीपाळीने बघत राहिले. ज्या बाईकडे ते बघत तिची मान खाली जाई. शेडमध्ये पंख्याची घरघर तेवढी चालू होती.

संगीताने धड हात आणि बोटं गेलेला हात, दोन्ही पुढे केले. "बघा, बाई," ती म्हणाली.

मग स्टुलावरून काळी उठली. तिने हात पदराला पुसले आणि संगीताच्या शेजारी येऊन उताणे धरले. तिच्यामागून एक, मग दुसरी, अशा सगळ्या आल्या.

अहिल्याने निरीक्षकांचं बोट धरून एकेका तळव्यावर फिरवलं. प्रत्येकीच्या उजव्या तळव्याला, मनगटाजवळ, एकाच जागी, एकाच आकाराचा घट्टा. डाव्या तळव्याची तीच जागा मऊ. डाव्या बोटांच्या टोकांवर मात्र पत्र्याने कापल्याच्या बारीक रेघा.

"दिवसभर हजारो वेळा बटण दाबलं की असा घट्टा पडतो," अहिल्या म्हणाली. "दोन्ही बटणं दाबत असत्या तर तो दोन्ही तळव्यांवर असता. यांतल्या एकीनेही डावं बटण कधी दाबलेलं नाही. डावे हात पट्टी घालायला, म्हणजे ठोकळ्याखाली होते. मशीन मात्र चालत होतं. म्हणजे डावं बटण आतून वायर जोडून कायमचं दाबून ठेवलेलं होतं. काम झपाट्याने व्हावं म्हणून."

"बधुं खोटुं! सगळं खोटं!" नविनभाईंचा आवाज चढला. "मॅडम, उजव्या हाताने सगळेच जास्त काम करतात. घरी कोयता, कुदळ, पाणी. उजवा हात राठ असणारच."

"काळी, पुढे ये," अहिल्या शांतपणे म्हणाली. "नविनभाई, ही कामात घोटाळते ते डावरी आहे म्हणून, असं काल मला कोणी सांगितलं?"

नविनभाई काळीच्या हातांकडे बघू लागले.

"ही सगळं डाव्या हाताने करते. हे बघा, मॅडम. डाव्या बोटांच्या मुळाशी कोयत्याचे घट्टे. उजव्या बोटांच्या मुळाशी काही नाही. पण उजव्या मनगटाजवळ तोच गोल घट्टा, इतरांसारखा. तो घरच्या कामाचा नाही. तो या मशीनचा आहे."

श्रुतिका मॅडमनी काळीचे दोन्ही हात स्वतःच्या हातात घेतले आणि पुन्हा एकदा, सावकाश, चाचपले. मग त्या नविनभाईंकडे वळल्या. त्यांच्या चेहऱ्यावरची घाई गेली होती.

"वायर कोणी काढली?" त्यांनी विचारलं.

"ते मी सांगते," अहिल्या म्हणाली. "प्रविण, तुम्ही कुठे होता म्हणालात?"

"वर्कशॉपात," प्रविणने सांगितलं.

"खोटं," रूपी म्हणाली. "माझ्यासमोर आलास तू."

"तिच्या एकटीच्या नाय, माझ्यापण," काळी म्हणाली. "पेचकस होता हातात."

हवालदार विष्णू एक पाऊल पुढे आले. तेवढं पुरलं. प्रविण जागीच खाली बसला.

"त्यांनी सांगितलं," तो म्हणाला. नविनभाईंकडे बोट करायचीही त्याला गरज पडली नाही. "वायर लावायला पण त्यांनीच सांगितलं, न् काढायला पण. म्हणाले, आधी मशीन नीट कर, मग टेम्पो बोलवतो. संगीता मशीनला टेकून बसली होती. डबा तिच्या पलीकडं होता." त्याने तोंड हातांत लपवलं. "मी तिच्यावरून पाय टाकून गेलो."

संगीता त्याच्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. नुकतंच काहीतरी समजल्यासारखं माणूस बघतं, तसं ती बघत होती.

"म्हणजे माझी चूक नव्हती," ती म्हणाली. विचारत नव्हती.

"नव्हती," श्रुतिका मॅडम म्हणाल्या.

६

त्याच दिवशी प्रेसला सील लागलं. रूपीचा जबाब नव्याने घेतला गेला, या वेळी नविनभाई शेजारी नसताना. नविनभाई आणि प्रविण यांच्यावर गुन्हा नोंदला. शेठनी आपल्याला काहीच ठाऊक नव्हतं असं सांगितलं. ते खरं की खोटं हे आता कोर्ट ठरवेल. संगीताने भरपाईसाठी दावा लावला. डहाणूच्या एका वकीलबाई तो चालवतात. कारखान्याचा वकील तारखांवर तारखा घेतो आणि संगीता प्रत्येक तारखेला हजर असते.

सगळंच गोड झालं नाही. सील लागल्याच्या आठवड्यात काळी रुग्णालयात आली ती तणतणतच. "तुमचं झालं, बाई. आमची रोजी गेली त्याचं काय?" अहिल्याने तिला श्रुतिका मॅडमचा नंबर दिला. काळीने फोन केला, उत्तर ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी बायकांना घेऊन फाटकावर जाऊन बसली. मालकाच्या चुकीने काम बंद पडलं तर त्या दिवसांची हजेरी मिळायला हवी, एवढंच त्यांचं म्हणणं. बायका उठल्या नाहीत. शेवटी शेठला यावं लागलं, बंद दिवसांची हजेरी द्यावी लागली. आता प्रेस पुन्हा चालू आहे, समोर जाळी बसवून. काम पूर्वीपेक्षा हळू होतं. वरून ओरडा होतो, पण जाळी कोणी काढू देत नाही.

संगीता दर आठवड्याला थेरपीला येते. अंगठा आणि करंगळीच्या चिमटीत ती आता कापडाची घडी धरते, भाजीची जुडी धरते. सुई अजून निसटते. तिच्यासोबत कधी जीवन येतो, कधी रूपी. दोघं एकत्र कधी नाही. रूपी मावशीकडेच राहते, भावाशी बोलत नाही. तो चिंचणीला दोनदा जाऊन आला. दोन्ही वेळा ती पाठ फिरवून काम करत राहिली, असं संगीता सांगत होती.

गेल्या मंगळवारी मात्र दोघांची अचानक गाठ पडली. जीवन संगीताला घेऊन आला होता, आणि काही वेळाने रूपीही दारात उभी राहिली. जीवनला बघून ती मागे वळायला निघाली.

"आलीस तर बस," संगीता म्हणाली.

ती बसली, भिंतीला लागून, तोंड दुसरीकडे करून. जीवन त्या वेळी संगीताच्या हाताला तेल चोळत होता. जखमेची कातडी आखडू नये म्हणून कसं चोळायचं ते अहिल्याने त्याला शिकवलं होतं. त्याचे हात मध्येच थांबले. मग तो पुन्हा चोळू लागला, मान वर न करता.

"त्या दिवशी मी तुला विचारायला पायजे होतं," तो म्हणाला. "कोयता नव्हता आणायचा. विचारायला पायजे होतं."

खोलीत दुसऱ्या रुग्णाच्या चेंडूचा टप टप आवाज येत राहिला. अहिल्याने उगाचच पट्ट्यांचा डबा आवरायला घेतला.

बऱ्याच वेळाने रूपी उठली. पिशवी खांद्याला अडकवली आणि दाराशी जाऊन थांबली.

"चला, बस निघंल," ती म्हणाली.

वहिनीला म्हणाली की भावाला, ते अहिल्याला कळलं नाही. पण लगबगीने आधी उठला तो जीवन.